झाडं तिची, घर त्याचं

नवऱ्यानं सोडलेल्या बाईचा सिनेमा म्हटलं की पुढचं सगळं आपल्याला पाठ असतं. ती रडणार, मग पदर खोचून पापड-लोणच्याचा धंदा काढणार, आणि नवरा पस्तावून आला की दार लावून घेणार. मिआ हान्सेन-लवच्या 'लाव्हनिर' या फ्रेंच सिनेमात (२०१६) यातलं काही होत नाही. बर्लिनच्या महोत्सवात दिग्दर्शनाचं 'रौप्य अस्वल' हे बक्षीस मिळालेला हा सिनेमा पोरीनं पेन ड्राइव्हमध्ये भरून दिला होता, तो टीव्हीला लावून पाहिला.

इझाबेल ह्युपेरनं केलेली नाताली पॅरिसमध्ये तत्त्वज्ञान शिकवते. दिग्दर्शिकेचे आईवडील दोघंही हाच विषय शिकवायचे, त्यामुळे वर्गातले प्रसंग अगदी खरे उतरलेत. मी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. पोरांसमोर उभी असताना घरून फोन वाजतो तेव्हा मास्तरणीचा चेहरा कसा होतो, ते मला सांगायला नको. नातालीची म्हातारी आई तिला असेच वेळीअवेळी फोन करत असते. नवरा, हाइन्झ, तोही तत्त्वज्ञानाचाच मास्तर. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर एक दिवस सांगतो, दुसरी कुणी आहे, मी तिच्याकडे राहायला जातो. नाताली ओरडत नाही. मला कशाला सांगितलंस, तुझं तुझ्यापाशी ठेवता आलं नसतं का, असं विचारते. मग आई जाते. प्रकाशकांना तिची पाठ्यपुस्तकं जुनाट वाटायला लागतात, भडक मुखपृष्ठं हवी असतात. एकामागून एक सगळं सुटतं, आणि बाई आपली भरभर चालत असते. या सिनेमात ह्युपेर जितकी चालली असेल तितकं आमच्या एसटी स्टँडवरही कुणी चालत नाही.

एक प्रसंग तर मी मागे नेऊन पुन्हा पाहिला. नवऱ्यानं ठेवलेला फुलांचा गुच्छ ती फेकायला निघते. तो मोठ्या निळ्या पिशवीत कोंबते, पिशवीसकट कचऱ्याच्या डब्यात टाकते आणि तरातरा निघून जाते. पाच पावलांवरून परत येते. पिशवी काढून घ्यायला! राग आहे तो आहे, पिशवी चांगली आहे. पन्नाशीची बाई अशीच असते.

मोठी जाऊ शेजारी तुरीच्या शेंगांचं टोपलं घेऊन सोले काढत बसली होती. खालची इंग्रजी अक्षरं वाचून मी तिला मराठीत सांगत होते. नवरा गेला त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. "गेला त गेला," म्हणाली. मग फ्रान्समधल्याच ब्रिटनी भागातलं समुद्राकाठचं घर आलं. घर हाइन्झच्या घरच्यांचं, पण वर्षानुवर्षं सुट्ट्यांत जाऊन बाग केली ती नातालीनं. आता तिथं जाणं संपलं.

"झाडं इनं लावले, अन् घर त्याचं? मंग हे त आपल्यासारखंच झालं व."

झालं खरं. लग्न होऊन आली तेव्हापासून वावरात सरकी टोबण्यापासून कापूस वेचेपर्यंत सगळं जाऊबाईनं केलं. सातबाऱ्यावर नाव भासऱ्यांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आला, देशभर २००५ मध्ये. पण तो माहेरचा. सासरच्या वावराचं असं, की नवरा मेला तर वारस म्हणून बायकोचं नाव चढतं. नवरा सोडून गेला तर नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी नव्वदच्या सुमारास लक्ष्मी मुक्तीची हाक दिली ती यासाठीच, की शेतकऱ्यानं जिवंतपणी, स्वतःहून बायकोच्या नावे जमीन करावी. सरकारनंही १९९२ मध्ये नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली. आमच्या गावात किती बायकांची नावं चढली ते विचारू नका.

पुढं नाताली आपल्या जुन्या विद्यार्थ्याजवळ बोलते: पोरं मोठी झाली, नवरा गेला, आई गेली, आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण मोकळी आहे. समीक्षकांना ही जागा फार आवडते. मलाही आवडली. जाऊबाईनं मात्र विचारलं, "पगार चालू हाय न तिचा?"

चालू आहे. राहतं घरही तिच्याकडेच आहे. हे मोकळेपण पगारावर उभं आहे, आणि सिनेमा ते लपवत नाही. पण त्यावर क्षणभर थांबतही नाही. मला नाताली इतकी जवळची वाटली त्याला माझा पगारही कारण असणार. जाऊबाईला ती शेवटपर्यंत 'बरी हाय बिचारी' एवढीच वाटली. तिला आवडलं ते आईमागे राहिलेलं जाडजूड काळं मांजर, पँडोरा. जन्मभर फ्लॅटमध्ये कोंडलेलं ते मांजर त्या जुन्या विद्यार्थ्याकडे, व्हेर्कोरच्या डोंगरात नेल्यावर रात्रभर गायब होतं आणि उंदीर धरून परत येतं, तेव्हा ती खूष झाली.

रात्री जेवताना तिनं भासऱ्यांना सरळ विचारलं, माह्यं नाव कधी चढवता? तूर निघू दे, मग पाहू, म्हणाले. तूर निघाली की हरभऱ्याचं सांगतील. अर्जाचा कागद मी लिहून ठेवलाय, त्यांची सही तेवढी बाकी आहे.