जहाजावरचं खातं आणि कार्डावरचा होल्ड

क्रूझच्या टर्मिनलवर बॅगा सोपवल्या, पासपोर्ट दाखवला, फोटो काढून झाला, की काउंटरवरचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: जहाजावरच्या खर्चाच्या खात्याला कोणतं कार्ड जोडायचं? बरेच जण हे काम निघण्याआधीच क्रूझ कंपनीच्या ॲपवर उरकतात. तेव्हा कार्ड चालू आहे की नाही एवढं तपासायला शून्य किंवा एखाद्या डॉलरची नोंद येते आणि आपोआप जाते. तिच्याकडे लक्ष देण्याचं कारण नाही. खरा खेळ जहाजात पाऊल टाकल्यावर सुरू होतो.

जहाजावर रोख फारशी चालत नाही. बार, स्पा, फोटो, वायफाय, बंदरावरची सहल, सगळं केबिनच्या कार्डावर मांडलं जातं. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या जहाजांवर त्याला सीपास म्हणतात, कार्निव्हलच्या जहाजांवर सेल अँड साइन. प्रिन्सेसवर तेच काम मेडॅलियन नावाचा गोल बिल्ला करतो. यात पैसे नसतात, तुमच्या नावावरची उधारी फक्त लिहिली जाते. ती बुडू नये म्हणून जहाज तुमच्या बँकेला विचारतं, ‘एवढी रक्कम आमच्यासाठी राखून ठेवता का?’ बँक हो म्हणाली की मंजुरीचा एक क्रमांक देते आणि तेवढी रक्कम तुमच्या उपलब्ध मर्यादेतून बाजूला काढते. हा झाला होल्ड. पैसे गेलेले नसतात आणि व्याजही लागत नाही, पण ती मर्यादा तुम्हाला दुसरीकडे वापरता येत नाही.

पहिल्या दिवशी किती होल्ड पडेल, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. काही ठिकाणी चढतानाच ठरावीक रक्कम अडकवतात, काही ठिकाणी माणशी दर दिवशीचा आकडा धरून. काही जण खर्च होईपर्यंत थांबतात आणि खात्यात जमेल तसा होल्ड वाढवत नेतात. तुमच्या कंपनीचा आकडा तिच्या नियमावलीत ‘ऑनबोर्ड अकाउंट’च्या भागात असतो. निघण्याआधी तेवढं पान वाचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेचं ॲप उघडलं की गोंधळ दिसतो. तुम्ही बारमध्ये 38 डॉलर खर्च केलेले, आणि ‘पेंडिंग’ (अजून पक्क्या न झालेल्या नोंदी) खाली 100. तिसऱ्या दिवशी आणखी 100. कारण होल्ड प्रत्येक ग्लासामागे टाकत नाहीत. दिवसभराचा हिशेब गोळा होतो आणि खातं आधीच्या होल्डच्या जवळ आलं की गोल आकड्याचा पुढचा होल्ड मागितला जातो. काही कंपन्यांची यंत्रणा जुन्याच मंजुरीत भर घालते, मग ॲपवर एकच नोंद फुगत जाते. काहींची प्रत्येक वेळी नवी मंजुरी घेते, मग नोंदींची रांग लागते. दोन्हींत अजून एक डॉलरही वसूल झालेला नसतो.

नोंदींची रांग लागते तिथे शेवट नीट समजून घ्यायला हवा. समजा एका केबिनमध्ये दोघं, सात रात्री. माणशी दर दिवशी 16 डॉलर टिप धरली तर 224 डॉलर तिथेच लागतात, कारण आधी भरली नसेल तर बहुतेक कंपन्यांत टिप आपोआप खात्यावर चढते. पेयांवर 18 ते 20 टक्के सेवाशुल्क वेगळं. सहली आणि बाकी खर्च धरून अंतिम बिल 812 डॉलर आलं आणि तोवर होल्ड झाले 900. आता बँकेला 812ची स्वतंत्र वसुली येते. वसुलीबरोबर मूळ मंजुरीचा क्रमांक नीट जुळला तर होल्ड तिथेच गळून पडतो. नऊ वेगवेगळ्या मंजुऱ्या आणि एकच वसुली असेल, तर बँकेच्या यंत्रणेला त्यातलं कोणतं कोणाचं हे कळत नाही. मग काही दिवस कार्डावर 812 अधिक 900, म्हणजे 1712 डॉलर अडकलेले दिसतात. लोक याला ‘दोनदा पैसे कापले’ म्हणतात. दोनदा कापलेले नसतात, पण मर्यादा मात्र खरोखर तेवढी खाल्लेली असते.

म्हणून माझा सरळ हिशेब: जहाजावर जितका खर्च होईल असं वाटतं त्याच्या दुप्पट मर्यादा कार्डावर मोकळी हवी. प्रवासाच्या आधी-नंतर हॉटेल किंवा भाड्याची गाडी असेल तर त्यांचे होल्ड वेगळे धरायचे. तेही याच कार्डावर टाकण्याची हौस शक्यतो नको. दोन केबिनचा खर्च एकाच कार्डावर असेल तर होल्डही दोन केबिनचे पडतात, हे कुटुंबासोबत जाणारे हमखास विसरतात. मुलांच्या कार्डांना खर्चाची मर्यादा घालता येते किंवा खर्च पूर्ण बंद करता येतो. गेस्ट सर्व्हिसेसला, म्हणजे जहाजावरच्या मदतीच्या काउंटरला, सांगितलं की दोन मिनिटांत होतं.

डेबिट कार्ड देऊ नका. बहुतेक जहाजं ते घेतात, हरकत कोणी घेत नाही, आणि तिथेच फसगत होते. क्रेडिट कार्डावर बँकेची मर्यादा अडकते, डेबिटवर तुमचे खात्यातले पैसे. 900 डॉलरचा होल्ड म्हणजे तेवढी शिल्लक वापरता येत नाही, आणि त्याच खात्यातून घराचा हप्ता जाणार असेल तर तो परत फिरतो. होल्ड सुटायला बँकेनुसार काही कामाचे दिवस लागतात, आणि क्रूझच्या व्यवहारांना कार्ड नेटवर्कचे नियम महिन्याभरापर्यंत होल्ड ठेवू देतात. प्रीपेड आणि गिफ्ट कार्डांची तीच कथा, उलट तिथे बोलायला माणूसही सापडत नाही.

क्रेडिट कार्डच नको असेल तर पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला रोख अनामत भरता येते. तेव्हा होल्डचा प्रश्नच येत नाही. रक्कम संपली की खातं थांबतं, उरलेली शेवटी परत मिळते, त्यासाठी रांग लावावी लागते. अर्धवट मार्ग मात्र टाळा. आठवडाभर कार्ड जोडून ठेवायचं आणि शेवटच्या संध्याकाळी रोख भरून बिल मिटवायचं, असं केलं की बिल शून्य होतं आणि होल्ड कार्डावर तसाच राहतो. त्याला जुळणारी वसुली कधी येणारच नसते, म्हणून तो मुदत संपेपर्यंत लटकतो. प्रवासाच्या मध्येच कार्ड बदललं तरी हेच होतं.

मधेच नकार आला तर? बारवाल्याच्या पडद्यावर तुमचं नाव आणि फोटो येतो, खाली ‘गेस्ट सर्व्हिसेसला भेटा’ अशी सूचना. पेय मिळत नाही, केबिनचं दार मात्र उघडतं. दोष बहुधा जहाजाचा नसतो. परदेशातल्या व्यापाऱ्याकडून लागोपाठ दोन-तीन मंजुऱ्या मागितल्या गेल्या की बँकेला संशय येतो, ती खात्री करायला एसएमएस पाठवते, आणि समुद्रात तुमच्या फोनला बहुधा नेटवर्क नसतं. निघण्याआधी ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा, रोजची मर्यादा वाढवा आणि बँकेला तारखा कळवा. दुसऱ्या बँकेचं एक कार्ड केबिनच्या तिजोरीत ठेवा. एकाच बँकेची दोन कार्डं नेऊन उपयोग नाही, संशय आला की दोन्ही बंद पडू शकतात.

चलनाकडेही बघा. कॅरिबियनमध्ये खातं बहुतेक डॉलरमध्ये असतं, कोस्टा कंपनीच्या जहाजांवर भूमध्य समुद्रात युरोमध्ये, पी अँड ओच्या ब्रिटिश जहाजांवर पाउंडमध्ये. होल्ड त्या दिवशीच्या दराने दिसतो आणि वसुली ज्या दिवशी नोंदली जाते त्या दिवशीच्या दराने, त्यामुळे आकड्यांत थोडा फरक पडतोच. काही जहाजं बिल थेट तुमच्या घरच्या चलनात लावून देतात. सोय म्हणून सांगतात, पण दर त्यांच्या सोयीचा असतो. ही संमती कधी कधी चेक-इनच्या फॉर्ममध्ये आधीच खूण करून ठेवलेली असते. पहिल्या दिवशीच गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन ‘जहाजाच्याच चलनात घ्या’ असं लेखी द्या.

बुकिंगबरोबर मिळालेलं ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्चायला कंपनीने दिलेली रक्कम) होल्डमधून वजा होईलच असं गृहीत धरू नका. ते अंतिम बिलातून वजा होतं. त्यातलं ‘नॉन-रिफंडेबल’, म्हणजे परत न मिळणारं, उरलं तर बुडतं, म्हणून ते आधी संपवा. कॅसिनोसाठी खोलीच्या खात्यावर पैसे घेतले तर अनेक जहाजं त्यावर काही टक्के शुल्क लावतात.

बिल शेवटच्या दिवसाची वाट न बघता ॲपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर एक दिवसाआड बघत जा. पेयांचं पॅकेज असूनही लागलेले ग्लास, रद्द झालेल्या सहलीचे न परतलेले पैसे, न उघडलेल्या मिनीबारची बाटली, हे सगळं त्यात सापडतं. शेवटच्या रात्री गेस्ट सर्व्हिसेससमोरची रांग पाहिली तर भांडण्याची इच्छाच मरते. चूक असेल तर दोन दिवस आधी, सकाळी लवकर जा, पावती दाखवा, समोर दुरुस्ती करून घ्या. कार्ड जोडलेलं असेल आणि बिल बरोबर असेल तर उतरण्याच्या दिवशी काहीच करायचं नसतं, खातं आपोआप बंद होऊन वसुलीला जातं.

जमिनीवर आल्यावर अंतिम बिलाची पीडीएफ उतरवून घ्या. ॲपमधून ती काही काळाने नाहीशी होऊ शकते. वसुली सहसा दोन-तीन दिवसांत बँकेच्या ॲपवर ‘पोस्टेड’, म्हणजे पक्की नोंदलेली, दिसते. ती दिसेपर्यंत बँकेला फोन करू नका, कारण होल्ड अजून योग्यच आहे असं उत्तर मिळेल. वसुली येऊन आठवडा झाला आणि होल्ड तसाच असेल, तर बँकेला अंतिम बिल, वसुलीची तारीख आणि होल्डच्या मंजुरीचा क्रमांक द्या. बँक म्हणेल, व्यापाऱ्याने होल्ड सोडल्याचं कळवायला हवं. तेव्हा क्रूझ कंपनीच्या हिशेब विभागाला तोच क्रमांक देऊन बँकेकडे तसा ईमेल पाठवायला सांगायचं. क्रमांक नसला की दोन्हीकडचे लोक तुम्हाला एकमेकांकडे पाठवत राहतात. तो क्रमांक काही बँकांच्या ॲपमध्ये पेंडिंग नोंद उघडली की दिसतो, नाही दिसला तर बँकेच्या फोनवर विचारून लिहून घ्या.