शासन निर्णय शेवटून वाचा

महाराष्ट्र सरकारची नवी योजना आली की लोक शासन निर्णयातली, म्हणजे जीआरमधली, प्रस्तावना वाचतात, मग पात्रतेचे निकष आणि कागदपत्रांची यादी. योजनेत किती दम आहे ते मात्र शेवटच्या दोन-तीन परिच्छेदांत कळतं. तिथे एक लेखाशीर्ष (खर्च अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यावर पडणार तो क्रमांक) असतं आणि त्याच्या आसपास असं वाक्य: ‘सदर शासन निर्णय वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक/व्यय-अमुक अन्वये प्राप्त सहमतीने निर्गमित करण्यात येत आहे.’ खर्च विभागाच्या स्वतःच्या वित्तीय अधिकारांच्या मर्यादेत असेल तर त्याऐवजी ते अधिकार देणाऱ्या १७ एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयाचा हवाला दिसतो. यातलं काहीच नसेल आणि योजनेला पैसा तर लागणार असेल, तर हातातला कागद घोषणेच्या पुढे गेलेला नाही.

‘अनौपचारिक’ या शब्दावर जाऊ नका. अख्खी फाईल वित्त विभागाच्या व्यय कार्यालयात, म्हणजे खर्च तपासणाऱ्या शाखेत, जाते आणि टिप्पणीसह परत येते. टिप्पणीतले प्रश्न ठरलेले: लाभार्थी किती, पुढच्या वर्षांत आवर्ती (दरवर्षी येणारा) खर्च किती वाढेल, केंद्राची अशीच योजना आहे का, आहे त्या मनुष्यबळात काम का होत नाही? या उत्तरांतच धोरणाचा आकार बदलतो. समजा विभागाने २०० नियमित पदं मागितली. यंदाचा पगार एक वेळ देता येईल, पण वेतन, मग निवृत्तिवेतन, असा भार तीस-चाळीस वर्षं चालतो. त्यामुळे शेरा येतो, ‘बाह्ययंत्रणेद्वारे सेवा घ्याव्यात’, म्हणजे माणसं कंत्राटावर घ्या. कंत्राटीकरणाचं धोरण कुणी आणलं यावर विधिमंडळात कितीही भांडण होवो, त्याचा बराचसा भाग अशा शेऱ्या-शेऱ्यांनी साचत गेला आहे.

मंत्रिमंडळ वित्त विभागाचं मत बाजूला ठेवू शकतं, आणि ठेवतंही. पण प्रस्तावाच्या टिपणीत ते मत नोंदलेलं राहतं आणि तरतुदीसाठी पुन्हा त्याच दारात जावं लागतं.

तरतूद म्हणजे नुसती रक्कम नव्हे. शिक्षणाचं उदाहरण घ्या. मुख्य लेखाशीर्ष २२०२, सर्वसाधारण शिक्षण. त्याखाली योजनेचं शीर्ष आणि शेवटी उद्दिष्ट, म्हणजे खर्चाचा प्रकार: ३१ म्हणजे सहायक अनुदाने (वेतनेतर), ३६ म्हणजे सहायक अनुदाने (वेतन). ३६ मधला पैसा संपला तर ३१ मधल्या शिलकीतून अनुदानित शाळेचा पगार परस्पर काढता येत नाही. पुनर्विनियोजन, म्हणजे एका शीर्षातून दुसऱ्यात पैसा वळवणं, करावं लागतं, त्यासाठी पुन्हा प्रस्ताव, पुन्हा फाईल. ‘पैसे आहेत पण पगार नाही’ या कोड्याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

पुरवणी मागण्यांच्या (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा तरतुदींच्या) पुस्तकात एखाद्या बाबीसमोर फक्त १,००० रुपये दिसतात. ती छपाईची चूक नाही, लाक्षणिक मागणी आहे. बाब नवी, म्हणून सभागृहाची मंजुरी हवी. पैसा मात्र त्याच मागणीतल्या बचतीतून येणार.

तरतूद झाली तरी पैसा हातात आला असं नाही. वित्त विभाग बीम्स या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर टप्प्याटप्प्याने निधी खुला करतो, तो कार्यालयाची बिलं काढणाऱ्या आहरण व संवितरण अधिकाऱ्यापर्यंत उतरतो, मगच कोषागारात देयक जातं. तरतूद शंभर टक्के आणि वितरण साठ टक्के असलं तर योजना साठ टक्क्यांचीच. उरलेलं मार्चअखेर उघडलं तर घाईत खर्च होतं, नाहीतर समर्पित होतं, म्हणजे न वापरता परत जातं.

निधीच्या या नळाची ताकद ४ मे २०२० रोजी उघड दिसली. कोविडमुळे वित्त विभागाने एकच शासन निर्णय काढला: वर्षाच्या तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल, नव्या योजना नकोत, सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे विभाग सोडून नवी पदभरती नको. स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांना तो जीआर अजून आठवत असेल. भरतीचं धोरण तेव्हा खर्चाच्या कागदानं ठरवलं.

नियमांचंही तसंच. महाराष्ट्र नागरी सेवा नियमांपैकी वेतन, रजा, निवृत्तिवेतन हे संच वित्त विभागाकडे आहेत. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांची जुनी पेन्शन गेली ती याच विभागाच्या ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने. मार्च २०२३ चा संप झाला तो त्याच्याच विरोधात.

एखाद्या योजनेत निकष असा का, पदं इतकीच का, हे शोधायचं असेल तर माहिती अधिकारात नुसती ‘फाईलची प्रत’ मागू नका. ‘टिप्पणी भागासह, वित्त विभागाच्या अभिप्रायांसह’ असं लिहा आणि जीआरमधला अनौपचारिक संदर्भ क्रमांक व दिनांक द्या. मंत्रिमंडळापुढे गेलेला विषय असेल तर निर्णय होऊन प्रकरण पूर्ण होईपर्यंत मंत्रिमंडळाची कागदपत्रं न देण्याची सूट असलेलं कलम ८(१)(झ) आडवं येतं; त्यानंतर मागा.