बापाचं दूध

प्राण्यांच्या मायेचा विषय निघाला की लोकांना हत्तीण आठवते, वाघीण आठवते. मला आधी आठवतं कबुतर, आणि त्यातही नर. कारण हा बाप पिल्लांना चक्क दूध पाजतो.

पक्ष्यांना स्तन नसतात. पण कबुतराच्या गळ्याशी दाणे साठवायची एक पिशवी असते. अंडी फुटायच्या काही दिवस आधी तिचं आतलं अस्तर जाड होऊ लागतं आणि मग त्यातल्या चरबीने भरलेल्या पेशी सुटून येतात. फाटलेल्या दुधासारखं दिसणारं हे दूध प्रथिनं आणि चरबीने भरलेलं असतं. हे घडवतं प्रोलॅक्टिन, म्हणजे बाळंतिणीच्या अंगावर दूध आणणारं तेच संप्रेरक. इथे ते नर आणि मादी दोघांतही काम करतं!

माझ्या खिडकीबाहेरच्या एका जोडीने चार काटक्या टाकून दोन अंडी घातली होती. सकाळ बरीच वर आली की नर बसायचा, तो दुपार कलेपर्यंत. रात्र मादीची. अडीचेक आठवड्यांनी पिल्लं निघाली. डोळे मिटलेले, विरळ पिवळी लव, चोच भलतीच मोठी. ती चोच पिल्लू थेट बापाच्या तोंडात खुपसायचं आणि बापाची मान वरखाली हिसके देत राहायची. बघताना माझाच जीव कासावीस व्हायचा. पहिले काही दिवस पिल्लांना दुसरं काहीच मिळत नाही, मग हळूहळू दुधात मऊ झालेले दाणे सुरू होतात.

चिमणीसारखे दाणे टिपणारे पक्षीही पिल्लांसाठी अळ्या-किडे शोधत फिरतात. कबुतराचं त्यावाचून अडत नाही, म्हणून त्याची वीण जवळजवळ वर्षभर चालू राहते.

फ्लेमिंगोचे आईबापही असंच दूध देतात. एम्परर पेंग्विनचा नर तर अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात दोन महिन्यांहून जास्त काळ पायांवर अंडं सांभाळतो, तेही उपाशी. पिल्लू निघालं आणि मादी समुद्रावरून अजून परतली नसेल, तर त्याही अवस्थेत तो घशातून दुधासारखा स्राव काढून पिल्लाला काही दिवस जगवतो. यापुढे माझे तरी शब्द संपतात.

एक कळकळीची विनंती. कबुतराचं पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर मायेपोटी त्याला गायीचं दूध पाजू नका, ते त्याला पचत नाही. घरटं हाताशी असेल तर पिल्लू तिथेच परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत.