कायले सोडलं बे?

पानठेल्यावर, लग्नात, परवा तर मयतीतही विचारलंत. "हेलिकॉप्टर सोडून वावरात कायले आला बे? भ्याला का?" आजवर मी व्हिसा संपला म्हणून सांगत आलो. व्हिसा संपला नव्हता.

ऑस्ट्रेलियात मोरी नावाच्या गावाकडे पऱ्हाटीवरच (कपाशीवर) फवारायचो, फक्त तिथल्या वावराचं दुसरं टोक दिसत नाही. रॉबिन्सन आर-४४ हेलिकॉप्टर, शेंड्यांच्या वर दोन-तीन मीटर, ताशी शंभरच्या आसपास. जमिनीजवळ म्हणजे सेफ असं तुम्हाला वाटतं, पण हजार फुटांवर इंजिन बंद पडलं तर पंखा हवेवरच फिरता ठेवून उतरता येतं, धुऱ्यावर वळताना स्पीड कमी, टाकी भरलेली, तिथं बंद पडलं तर 'अरे' म्हणायलाही वेळ नाही.

पण इंजिनानं मला कधी दगा दिला नाही. तिकडे खेड्यात एकाच तारेची लाइन असते, खांब इतके लांब की मधात आपलं अख्खं वावर बसेल. तार दिसतच नाही, खांब पाहून अंदाज घ्यायचा. ती तार सकाळी मीच नकाशावर लाल पेननं ओढली होती. दुपारी वारा फिरला म्हणून पट्टे आडवे घेतले, चौथी टाकी, रेडिओवर लोडर, म्हणजे खाली टाकी भरून देणारा, जेवायचं विचारत होता, मी 'चिकन चालेल' म्हणालो आणि निलगिरीच्या आडून खांबाचं डोकं दिसलं. वर ओढायला उशीर झाला होता. खाली दाबलं. स्किड, म्हणजे हेलिकॉप्टरचे खालचे दांडे, पऱ्हाटीत गेले, तार डोक्यावरून गेली.

उतरलो तर स्किडला हिरवी पानं अडकलेली. लोडरनं ती काढून फेकली, काही बोलला नाही. मी टाकी भरून घेतली आणि उरलेलं वावर पूर्ण केलं.

तारेला धडकणाऱ्या निम्म्याहून जास्त पायलटांना ती तार आधी माहीत असते, हे ट्रेनिंगमध्ये ऐकून मी हसलो होतो, म्हटलं काय बावळट लोक आहेत.

भ्यालो असतो तर त्याच दिवशी सोडलं असतं ना? मी सीझन काढला. पण सीझनभर खांबच मोजत होतो, तेही खरं.

आणि 'आपल्याकडे आण' म्हणणाऱ्यांनो, तीन एकरांत दोन लाइनी अन् कोपऱ्यात डीपी, वळवू कुठे? तरी २०१७ ला यवतमाळात पाठीवर पंप घेऊन फवारणारी माणसं विषबाधेनं गेली, तेव्हापासून घरी 'माझं काम रिस्की' म्हणायची लाज वाटायची.

परवा तिकडून मेसेज आला, येतोस का. वाचलाय. उत्तर दिलं नाही अजून.