बाद ठरलेल्या नोंदी

२०२२ सालच्या उन्हाळ्यात मी टेक्ससमधील सॅन अँटोनिओ येथे स्मृती आणि मेंदूच्या आरोग्यावरील एका अभ्यासासाठी ऑनलाइन सहभागी मिळवण्याचे काम करत होते. अमेरिकेत वयस्कर हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक मुळाच्या, लोकांना अल्झायमर होण्याची शक्यता वयस्कर गोऱ्यांच्या सुमारे दीडपट मानली जाते, तरीही अशा अभ्यासांतील त्यांची संख्या लोकसंख्येतील वाट्याच्या मानाने फार तोकडी असते. आम्ही फेसबुकवर स्पॅनिश जाहिराती दिल्या होत्या. त्यांतला 'देमेन्सिया' हा शब्द पहिल्याच आठवड्यात काढून टाकला, कारण स्पॅनिश कानाला त्यात वेडेपणा ऐकू येतो. 'इन्व्हेस्तिगासियोन' म्हणजे संशोधन, पण पोलिसांचा तपासही तोच. ज्या घरात कुणाच्या तरी देशात राहण्याच्या कागदपत्रांची काळजी असते, तिथे हा शब्द वाचून फोन बाजूला ठेवला जाणारच. त्याऐवजी आम्ही साधे 'एस्तुदियो' लिहिले.

जाहिरातींना प्रतिसाद वाढला, मात्र पात्र ठरलेल्यांच्या यादीत स्पॅनिश भाषकांची नावे मोजकीच राहिली. कारण शोधताना एके दिवशी मी बाद ठरलेल्या नोंदी उघडल्या. ऑनलाइन अभ्यासांना खोट्या अर्जांचा खरोखरच उपद्रव होतो. मानधनाच्या भेटकार्डांसाठी एकच माणूस अनेक नावांनी अर्ज भरतो. म्हणून एकाच ईमेलवरून किंवा फोन क्रमांकावरून दुसरा अर्ज आला, की आमची संगणकीय चाळणी तो आपोआप बाजूला काढत असे. त्या यादीत मला एकाच क्रमांकावरून आलेले तीन अर्ज दिसले. ५२ वर्षांच्या स्त्रीचा अर्ज स्वीकारला गेला होता. त्यानंतरचे ७४ आणि ७१ वर्षांच्या दोन स्त्रियांचे अर्ज बाद झाले होते.

मी त्या क्रमांकावर फोन केला. तो उचलणारी ५२ वर्षांची स्त्री म्हणजे मुलगी होती. तिने सांगितले की आईला आणि मावशीला ईमेल नाही, म्हणून तिने आपलाच दिला; आणि यात काही धोका नाही ना, हे पाहण्यासाठी तिने आधी स्वतःचा अर्ज भरला होता. आई अलीकडे चुलीवर भांडे ठेवून विसरते, म्हणून ही सारी धडपड होती. जिच्यासाठी हे सगळे केले, तिलाच आम्ही फसवणूक समजून वगळले होते. मग आई फोनवर आल्या. मला 'मिहा', म्हणजे पोरी, अशी हाक मारून त्या म्हणाल्या, "तीन आठवडे तुमच्या फोनची वाट पाहिली. वाटलं, आम्ही तुमच्या कामाच्या नाही."

साताऱ्यात माझ्या आईच्या गॅसच्या नोंदणीपासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळीकडे भावाचा क्रमांक आहे. म्हाताऱ्या माणसाचा फोन म्हणजे घरातल्या कर्त्या मुलाचा फोन, हे मी जन्मापासून पाहत आले होते, आणि तरीही चाळणीचा तो नियम मान्य करताना मला काहीही खटकले नव्हते. याची खंत मला आजही वाटते.

नियम बदलायचा तर संशोधनातील सहभागींचे हित जपणाऱ्या नीतिसमितीची मंजुरी लागणार होती. त्यासाठीचा अर्ज मी त्याच दुपारी लिहायला घेतला: एका क्रमांकावरून अनेक अर्ज आले तर ते बाद न करता स्पॅनिश बोलणाऱ्या सहकाऱ्याने फोन करून खातरजमा करावी. माफी कोणत्या शब्दांत मागायची, हे कागदावर लिहून घेऊन संध्याकाळी मी यादीतला पुढचा क्रमांक लावला.