तुम्ही विचारलंत म्हणून: घरात बंदूक आहे का, हे मी का विचारते

"तू नर्स आहेस ना? मग लोकांच्या घरातल्या बंदुका कशाला मोजतेस?" अमेरिकेत इमर्जन्सीत काम करायला लागल्यापासून हे ऐकतेय. पेशंट चिडून विचारतात, आपली माणसं काळजीने. एकदाच सांगते.

मी बंदुका मोजत नाही, काढूनही घेत नाही. अशा विचारण्यावर फ्लोरिडाने २०११ मध्ये कायद्याने बंधन आणलं होतं. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ती बंदी रद्द केली. म्हणजे विचारायची मला मुभा आहे. अडचण कायद्याची नव्हतीच, माझी होती.

पत्नी जाऊन दोन महिने झालेले एक आजोबा चक्कर येते म्हणून आले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात पत्नीचा चष्मा. झोप लागते का, जेवता का, पडलात का, सगळं विचारलं. "झोपून काय करायचं," असं म्हणाले, आणि मी ते टाइपही केलं. पुढचा प्रश्न स्क्रीनवर होता: घरात बंदूक आहे का? बाहेर पेशंट ताटकळत होते, शेजारी जावई बसलेला. इतक्या सभ्य, दुःखातल्या माणसाला असं काय विचारायचं, असं मनाशी म्हटलं आणि न विचारताच 'नाही'वर टिक केली.

अकराव्या दिवशी ते गेले. बंदुकीनेच.

कागदपत्रं न्यायला त्यांची मुलगी आली. ते 'नाही' तिने दोनदा वाचलं. म्हणाली, "बाबा खोटं बोलले तुमच्याशी?" मी समोर उभी होते. गप्प राहिले.

दोन दिवसांनी वरिष्ठांना सगळं सांगितलं. नोंद दुरुस्त झाली.

विचारलं असतं तरी ते 'नाही'च म्हणाले असते, असं मी वर्षभर स्वतःला समजावलं. म्हणालेही असते कदाचित. पण इथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. ती टोकाची घडी बऱ्याचदा लवकर ओसरते. हाताशी बंदूक असेल तर ओसरेपर्यंत माणूस उरत नाही. जे वाचतात, त्यातले बहुतेक पुढे आत्महत्येने जात नाहीत. म्हणून तर बंदूक कुलपात ठेवायला सांगायचं. आणि मला सभ्यपणा आड आला? की घाई? मला अजून नक्की सांगता येत नाही.

आता मी खुर्ची ओढून बसते. नातेवाइकांना जरा बाहेर थांबायला सांगते. "बऱ्याच घरांत बंदूक असते. तुमच्याकडे असेल तर हे दिवस सरेपर्यंत ती कुलपात, काडतुसं वेगळी आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे, असं जमेल का?" लहान मुलं असलेल्या घरांनाही हेच विचारते. काही जण तक्रार करतात. करू देत. काही जण बराच वेळ गप्प बसतात, मग भावाचा फोन नंबर शोधू लागतात. पुढे त्या घरात काय झालं, ते आम्हाला कळत नाही.

त्या मुलीचा नंबर माझ्याकडे नाही. नोंद दुरुस्त झाल्याचं तिला कुणी कळवलं का, तेही मी अजून विचारलेलं नाही.