शेवटच्या बाकावर बसायला कुणी येतं का?

गौरी-गणपतीला सोलापूरला आलेय. तिकडे इंग्लंडमधे आमची टर्म सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते त्यामुळे हे तीन आठवडे मोकळे मिळतात. संध्याकाळी सहा वाजले की गल्लीमागच्या मैदानात लेझीमचा सराव सुरू होतो, हलगी वाजायला लागली की घरात फोनवर काही ऐकू येत नाही. परवा खिडकीत उभी राहून बघत होते तर एक पन्नाशीतले काका दिसले, ते स्वतः खेळत नव्हते, नुसते रांगांमधून फिरत होते, एखाद्या पोराचा हात चुकला की त्याचं मनगट धरून एकदा फिरवून दाखवायचे आणि पुढे जायचे. पोराला त्यात कमीपणा वाटत नव्हता आणि काकाही काही बोलत नव्हते. मला एकदम माझी तिकडची पहिली दोन वर्षं आठवली, कॉलेजात शिकवायचं कसं ते मी शिकले ती, म्हणून हे लिहायला बसले.

मी गेली आठ वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात स्टॅटिस्टिक्स शिकवते. त्याआधी इथेच सोलापुरात दोन वर्षं सीएचबीवर होते, म्हणजे तासाप्रमाणे पैसे, तास झाला नाही तर पैसे नाहीत. सेट, म्हणजे कॉलेजात शिकवायला लागणारी राज्याची पात्रता परीक्षा, पास झालेली होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नेट-सेटचा पहिला पेपर सगळ्या विषयांना सारखा असतो, ५० प्रश्न १०० मार्क, आणि त्यात टीचिंग ॲप्टिट्यूडचे प्रश्न असतात, चार पर्यायांपैकी एक निवडायचा. मी निवडले, पास झाले आणि जूनमध्ये एफवायच्या ऐंशी मुलांसमोर खडू घेऊन उभी राहिले. शाळेत शिकवायचं तर डी.एड. नाहीतर बी.एड. करावं लागतं, पाठ घ्यावे लागतात, मागे कुणीतरी वही घेऊन बसलेलं असतं. कॉलेजात मात्र विषय येतो म्हणजे शिकवता येतंच असं धरून चालतात. त्या दोन वर्षांत माझ्या वर्गात एकदाही कुणी येऊन बसलं नाही. व्हरांड्यातून कुणी मोठं माणूस गेलंच तर वर्ग शांत आहे ना एवढं बघून पुढे जायचं.

तिकडे जॉइन झाले तेव्हा ऑफर लेटरमधेच अट होती की प्रोबेशनमध्ये नोकरी करता करता ६० क्रेडिटचं पीजी सर्टिफिकेट पूर्ण करायचं, विषय कोणता तर विद्यापीठात शिकवायचं कसं. मला तेव्हा राग आला होता. पीएचडी झालेली, वर्ग सांभाळलेले, आता मला शिकवायला कोण शिकवणार. पण पहिल्या दिवशी त्या खोलीत गेले तर नर्सिंगचे, इतिहासाचे, सिव्हिलचे, संगीताचे असे सगळ्या विभागांचे नवे लेक्चरर बसलेले, आणि बहुतेकांच्या चेहऱ्यावर माझ्यासारखाच राग.

ब्रिटनमध्येसुद्धा ही पद्धत फार जुनी नाही बरं का. १९९७ ला सर रॉन डिअरिंग यांच्या समितीने अहवाल दिला, त्यात विद्यापीठातल्या शिक्षकांना अध्यापनाचं प्रशिक्षण हवं हे ठासून सांगितलं, मग पुढे २००४ ला हायर एज्युकेशन अकॅडमी नावाची संस्था आली, ती २०१८ ला आणखी दोन संस्थांबरोबर एकत्र होऊन ॲडव्हान्स एचई झाली. तिची फेलोशिप असते, असोसिएट फेलो, फेलो, सिनियर फेलो, प्रिन्सिपल फेलो अशा चार पायऱ्या, आणि त्यासाठी लेखी परीक्षा नसते, वर्गात तुम्ही काय केलं, का केलं आणि त्याने काय फरक पडला हे पुराव्यासकट मांडायचं. (२००४ लाच आपलं सोलापूर विद्यापीठ झालं, माझ्या बीएस्सीच्या मार्कशीटवर अजून शिवाजी विद्यापीठ कोल्हापूर आहे.)

कोर्समध्ये पहिलं काम होतं दहा मिनिटं शिकवून दाखवायचं, समोर आपल्या विषयातलं कुणीही नाही. मी पी-व्हॅल्यू घेतली, म्हणजे हाती आलेला निकाल नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता किती ते सांगणारा आकडा. सूत्र, पायऱ्या, टेबल, सगळं वेळेत संपवलं. इतिहासाचे एक सर म्हणाले, ती काढायची कशी ते समजलं, पण मला ती कधी लागेल ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते अगदी सभ्यपणे बोलले तरी मला रात्रभर झोप लागली नाही, कारण सोलापुरातल्या त्या ऐंशी मुलांनाही ते कधी कळलं नसणार. मग कोर्समध्ये जॉन बिग्ज या शिक्षणतज्ज्ञांनी १९९६ ला मांडलेली एक कल्पना वाचायला दिली, की मुलांना शेवटी काय करता यायला हवं, वर्गात काय करून घेतो आणि परीक्षेत काय विचारतो या तिन्ही गोष्टी एका ओळीत पाहिजेत. मी माझा पेपर काढून बघितला. सिलॅबसमध्ये लिहिलेलं, विद्यार्थी आकडेवारीचा अर्थ लावू शकेल, आणि पेपरात सगळीकडे सूत्र लिहा, किंमत काढा. अर्थ लावायला एक प्रश्न नव्हता.

पण मला खरी बदलून टाकणारी गोष्ट म्हणजे ऑब्झर्व्हेशन. केमिस्ट्रीच्या एक सिनियर बाई माझ्या वर्गात बसायला येणार होत्या. आधी भेटून त्यांनी एवढंच विचारलं की मी काय बघू? मी म्हटलं माझा ॲक्सेंट बघा, मी भराभर बोलते का ते बघा, कारण वर्षभर मी तेवढ्याच एका गोष्टीची धास्ती घेतली होती, आरशासमोर उच्चार घोकायचे. त्या आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या, तासभर काहीतरी लिहीत होत्या. नंतर माझ्यासमोर एक कागद ठेवला, वर्गाचा नकाशा, आणि जो विद्यार्थी बोलला त्याच्या जागेवर फुली. वर्गात ६२ मुलं, आणि सगळ्या फुल्या उजवीकडच्या पुढच्या दोन रांगांत, मोजून सात जण. दुसऱ्या बाजूला आकडे लिहिले होते, १, १, २, १, १. ते काय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, प्रश्न विचारल्यावर तुम्ही इतके सेकंद थांबता, मग स्वतःच उत्तर देता. उच्चारांबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच.

यावर खूप आधी अभ्यास झालाय हे मला माहीतच नव्हतं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी शाळांमधल्या वर्गांचं रेकॉर्डिंग करून वेळ मोजला तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबत होते, आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब यायची, जास्त मुलं बोलायची. तीन सेकंद वाचायला काहीच वाटत नाहीत, पण वर्गासमोर गप्प उभं राहून बघा, जीव खालीवर होतो. मी मग एक उपाय केला, प्रश्न विचारला की मनातल्या मनात आपल्या गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतलं ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ सावकाश पूर्ण म्हणायचं, तोपर्यंत चार सेकंद होतात. तिसऱ्या आठवड्यात मागच्या भिंतीला टेकून बसणारी एक मुलगी बोलली, पूर्ण बरोबर उत्तर, आणि वर्षभरात मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

अजून एक, आणि मला वाटतं सगळं यावरच उभं आहे. तो कागद कुठेही गेला नाही. ना हेडकडे ना फाइलमध्ये. त्या बाईंनी मार्क दिले नाहीत. तो माझ्याकडेच राहिला, अजून आहे.

तर आता सोलापूर. माझी एमएस्सीची मैत्रीण इथल्या एका कॉलेजात नऊ वर्षं शिकवतेय, अजून सीएचबीवरच. तिच्या घरी जुळे सोलापूरला कडक भाकरी आणि शेंगा चटणी खात हे सगळं सांगितलं तर तिने पहिला प्रश्न विचारला, अगं पण एवढं थांबत बसले तर पोर्शन कधी संपणार? रास्त प्रश्न आहे, मीही हाच विचारला होता. तिला मी स्कॉट फ्रीमन हे अमेरिकन संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१४ चं काम सांगितलं, विज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांतले २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले तर नुसतं लेक्चर असलेल्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास होत होती आणि जिथे मुलांना वर्गात काही करायला लावलं तिथे २१.८ टक्के. पोर्शन आपला संपतो गं, मुलांचा कुठे संपतो. आणि हेही सांगितलं की सुरुवातीला मुलं कुरकुर करतात, २०१९ ला हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांत दिसलं की अशा तासाला मुलं जास्त शिकली पण त्यांना स्वतःला वाटत होतं की कमी शिकलो. तेव्हा घाबरायचं नाही.

ती म्हणाली, बोलू नकोस नुसतं, येऊन बस.

गेले. परवानगी घेतली, एसवायचा वर्ग, ४४ मुलं, शेवटच्या बाकावर बसले. ही मुलं कोण आहेत ते तिकडच्या वाचकांना सांगायला हवं, कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळते, घरात तेलुगू नाहीतर कन्नड, शाळा मराठीतून आणि बीएस्सीची पुस्तकं इंग्रजीत. प्रश्न ऐकून, मनात भाषा बदलून, उत्तर जुळवून, परत इंग्रजीत आणायचं तर एक सेकंदात कसं होणार? मैत्रीण छान शिकवते, फळा सुंदर, आवाज मागेपर्यंत येतो. ४८ मिनिटांत तिने १७ वेळा विचारलं, ‘समजलं का?’ आणि १७ वेळा वर्ग म्हणाला, ‘हो मॅडम.’ खरे प्रश्न चार, त्यातल्या दोनांची उत्तरं तिनेच दिली. मी नकाशा काढून कँटीनमध्ये चहासोबत तिच्यापुढे ठेवला. बराच वेळ ती बघत राहिली, मग म्हणाली, म्हणजे खिडकीकडच्या पोरींशी मी एकदाही बोलले नाही. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ‘समजलं का’ बंद केलं. शेवटची तीन मिनिटं ठेवली, प्रत्येकाला कागदाचा चिटोरा, नाव नाही लिहायचं, पाहिजे त्या भाषेत लिहा की आज काय गढूळ राहिलं. आम्ही दोघी संध्याकाळी चिठ्ठ्या लावत बसलो. ४४ पैकी २९ जणांनी एकच गोष्ट लिहिली होती, स्टँडर्ड डेव्हिएशन आणि स्टँडर्ड एररमध्ये फरक काय. एकाने लिहिलं होतं, मॅडम मला वाटायचं हे फक्त मलाच येत नाही. मैत्रिणीच्या डोळ्यात पाणी आलं, नऊ वर्षं ती हे दोन ओळींत सांगून पुढे जात होती.

मग पुढच्या तासाला तिने आपल्या सोलापुरी चादरींचं उदाहरण घेतलं. एकेका चादरीचं वजन किती कमीजास्त होतं ते स्टँडर्ड डेव्हिएशन, आणि २५-२५ चादरींचे गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठ्याची सरासरी काढली तर त्या सरासऱ्या किती कमीजास्त होतात ते स्टँडर्ड एरर, म्हणजे आधीच्या एक पंचमांश, कारण २५ चं वर्गमूळ ५. मागून एक मुलगा म्हणाला, बरोबर आहे मॅडम, जड चादर असली तरी गठ्ठ्यात हलकी पण येतेच की, वजन सांभाळलं जातं. तो कारखान्यात गठ्ठे बांधायला जातो, त्याला हे आधीपासून माहीत होतं, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे काहीच नाही असं मुळीच नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने कॉलेजच्या शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली, पुढे त्यांची एचआरडीसी झाली आणि २०२३ पासून मालवीय मिशन टीचर ट्रेनिंग सेंटर. ओरिएंटेशन, रिफ्रेशर होतात, काही खरंच चांगले होतात. पण ते प्रमोशनला जोडलेले आहेत, सर्टिफिकेट मिळालं की फाइलला लागतं, आणि परत आल्यावर त्या माणसाच्या वर्गात बसायला कुणी जात नाही. आणि जिला प्रमोशनच नाही ती सीएचबीवाली कशाला जाईल, गेली तर तेवढ्या दिवसांचे तास बुडतात, तास बुडाले की पैसे बुडतात. कितीतरी कॉलेजांत सगळ्यात जास्त तास हीच माणसं घेतात आणि शिकायची सोय नेमकी त्यांनाच नाही. मला याचा मनापासून त्रास होतो. निदान सहकाऱ्याच्या वर्गात महिन्यातून एक तास बसलं तर तो तास पगारात धरा, एवढं तर कुठलंही कॉलेज करू शकतं. आणि तो कागद कृपा करून नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या तपासणीच्या फाइलमध्ये लावू नका, ज्या दिवशी तो फाइलमध्ये जाईल त्या दिवसापासून शिक्षक पाहुण्यासाठी वेगळा तास तयार करून ठेवतील.

मी रविवारी निघतेय. मग यापुढे तिच्या वर्गात कोण बसणार हा प्रश्न होता, कारण तिच्या विभागात ती एकटीच. तिने मराठीच्या एका सरांना विचारलं, पंचवीस वर्षं नोकरी झालेले आहेत. ते म्हणाले, मॅडम मला तुमच्या आकड्यातलं काय कळणार? ती म्हणाली, म्हणूनच या सर. मग तेच म्हणाले की ठीक आहे, पण गुरुवारी तुम्ही माझ्या तासाला यायचं.

ते मंगळवारी अकराला येणार आहेत. शेवटच्या बाकावरचा पंखा बंद आहे, मी बसले होते तेव्हा घामाने कागद ओला झाला होता, तेवढा आधी दुरुस्त करून घे असं तिला सांगितलंय.